पैलवानाचा खुराक

आमच्या सांगलीच्या घरात "माझं पोट भरलं" या वाक्यावर कुणी विश्वास ठेवायचं नाही. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसाला आप्पांनी एकदा जबरदस्तीनं पाटावर बसवून दोन भाकऱ्या आणि वांग्याची भाजी खायला घातली होती. तो बिचारा हात जोडून सांगत होता, की आत्ताच पलीकडच्या घरी जेवलो. तर आप्पा म्हणाले, "पलीकडं जेवलास रं, हितं कुटं जेवलास?" आप्पा म्हणजे माझे थोरले चुलते. लग्न केलं नाही. तरुणपण तालमीत घातलेलं, उभ्या जिल्ह्यातल्या जत्रांमधून कुस्त्या मारून आलेले. माझे बाबा फौजेत, वर्षातून दोनदा सुट्टीवर घरी, त्यामुळं घरात आई, मी आणि आप्पा एवढेच. पण कणीक मळली जायची ती सहा माणसांची. उरलेलं कुणाला तरी खायला घालायचं म्हणून आप्पा दारात उभे राहून गिऱ्हाईक शोधायचे. मांजरं, कुत्री, कावळे, शेजारची पोरं, सगळ्यांची पोटं आमच्या दारात फुगलेली.

पहाटे मला जाग यायची ती आप्पांच्या बैठकांच्या आवाजानं. मधल्या खोलीच्या फरशीवर त्यांच्या टाचा धप्प धप्प आपटायच्या आणि प्रत्येक बैठकीला नाकातून फुस्स असा आवाज. मग स्वयंपाकघरात आईचं थापटणं सुरू व्हायचं, तव्यावर भाकरी, खलबत्त्यात लसूण आणि शेंगदाणा, आणि या सगळ्यावर आप्पांचा आवाज, "प्राजूच्या आई, दुधावरची साय कुटं गेली?" साय आईनं लपवलेली असायची. कारण मी आठवीतून नववीत गेले त्या उन्हाळ्यात आप्पांना चक्कर आली, रक्त तपासलं आणि साखर निघाली. डॉक्टरांनी गूळ, तूप, साय, भात, केळी, बर्फी असं एकेक नाव घेऊन बंद केलं, आणि प्रत्येक नावाला आप्पांचा चेहरा कुणीतरी जवळचं गेल्यासारखा पडत गेला. बाहेर येऊन ते एवढंच म्हणाले, "मग मरायला काय हरकत हाय?" आईनं त्यांना चांगलं फैलावर घेतलं. पण त्या दिवसापासून आप्पांनी स्वतःच्या तोंडचा घास दुसऱ्यांच्या तोंडात कोंबायचा सपाटाच लावला. आणि नेमका त्याच महिन्यात माझा ॲक्सोलोटल, म्हणजे पाण्यात राहणारा एक परदेशी प्राणी, घरात आला. माझं नशीब, दुसरं काय!

तो आला साताऱ्याहून, माझ्या मामाकडून. मामा कॉलेजात प्राणीशास्त्र शिकवायचा, त्याच्या घरी काचेच्या टाक्यांची रांग होती. साताऱ्याची हवा थंड, त्यात त्याची ती मागची अंधारी खोली, तिथं हे प्राणी मजेत राहायचे. सुट्टीत मी तासन् तास त्यांच्यासमोर बसायची. पांढरट गुलाबी अंग, पालीसारखे चार पाय, चपटं डोकं, तोंडाची ठेवण अशी की सदा गालात हसतोय, आणि मानेच्या दोन्ही बाजूंना तांबड्या पिसांसारखे कल्ले. मी मामाच्या इतकी मागं लागले, की शेवटी त्यानं एक द्यायचं कबूल केलं. पण अट घातली. "प्राजू, हा जीव आहे, खेळणं नाही. सांगलीचा उन्हाळा त्याला सोसायचा नाही आणि तुमच्या घरचं खाणं तर मुळीच सोसायचं नाही. दिवाळीला मी येतो. तोपर्यंत तू त्याला नीट जगवलंस तर तुझा. नाहीतर पुन्हा कुठल्याही जिवंत गोष्टीचं नाव माझ्यापाशी काढायचं नाही." मी हो म्हणाले. चौदा वर्षांच्या मुलीला सहा महिने म्हणजे काय वाटतात! पण मला तो हवा होता, जन्मात कशाचीच इतकी हाव मला सुटली नव्हती, आणि मामासमोर नापास व्हायचं नव्हतं.

मामानं स्वतः गाडीनं आणून टाकी लावून दिली. मधल्या खोलीत, उन्हाच्या विरुद्ध भिंतीला. तळाशी एकही खडा ठेवला नाही, कारण हा प्राणी घास ओढताना पाण्यासकट आजूबाजूचं सगळं आत ओढतो आणि खडा पोटात अडकला की संपलंच. आप्पा गुडघ्यावर हात ठेवून वाकून बघत होते. म्हणाले, "ह्याचं कान बघा की, फाटून झिपऱ्या झाल्यात. लय कुस्त्या खेळलेला दिसतोय गडी." आणि झालं. मी त्याला काय सुंदर नाव शोधून ठेवलं होतं, वहीत लिहून ठेवलं होतं. पण त्या क्षणापासून अख्खी गल्ली त्याला पैलवान म्हणायला लागली. एकदा पैलवान म्हटल्यावर पुढचं ओघानं आलंच. पैलवानाला खुराक पाहिजे.

खुराकाचा कागद मामानं लिहून दिला होता. मी तो फ्रिजच्या दारावर चिकटवला. मुख्य जेवण गांडूळ, पण औषध न मारलेल्या मातीतलं, आणि त्याच्या डोक्याच्या रुंदीपेक्षा लांब तुकडा द्यायचा नाही. अधूनमधून बदल म्हणून ब्लडवर्मच्या, म्हणजे बारीक लाल अळ्यांच्या, गोठवलेल्या वड्या. नाहीतर पाण्यात बुडणाऱ्या गोळ्या. मोठा झालेला आहे, रोज घालायचं नाही, दोन-तीन दिवसांतून एकदा बास. उरलेलं लगेच काढून टाकायचं, पाणी नासतं. नदीतले मासे नाहीत, रोग येतात. कोंबडी नाही, मटण नाही. आणि खाली मामानं लाल पेननं दोन रेघा मारून लिहिलं होतं : माणसाचं अन्न बिलकूल नाही. हे वाचून आप्पा म्हणाले, "दोन दिसातनं एकदा? कैद्याला बी दोन टाइम मिळतंय."

आता त्या प्राण्याची एक खोड होती. कुणीही टाकीसमोर उभं राहिलं की तो काचेपाशी यायचा आणि मध्येच आ करून पाण्याचा घोट घ्यायचा. ही त्याची सवय, त्यात भुकेचा काही संबंध नाही. पण आमच्या घरात तोंड उघडलेलं दिसलं की त्यात काहीतरी घालायचं, हा पिढ्यान्पिढ्यांचा संस्कार! आई म्हणायची, "बिचारं तोंड वासून बसलंय गं." शेजारच्या काकू यायच्या त्याही म्हणायच्या, "उपाशी ठेवतीस व्हय गं मुक्या जनावराला?" मी सगळ्यांना कागद दाखवायची. सगळे कागद वाचायचे, मान डोलवायचे, आणि माझी पाठ वळली की टाकीचं झाकण उघडायचे. दोन महिने पुरेल असा गोळ्यांचा डबा आठ दिवसांत संपला. मी शाळेतून आले तर डबा रिकामा. चौकशी केली तेव्हा कळलं, की सकाळी आईनं चार घातल्या, दुपारी काकूंनी पाच-सहा घातल्या, आणि आप्पांनी मोजल्याच नव्हत्या. "मूठभर म्हंजे काय लय झालं का?" ते मलाच विचारत होते. पैलवान फुगून वर तरंगत होता, पोट आकाशाकडं. मी रडून घर डोक्यावर घेतलं. तीन दिवस त्याला काही दिलं नाही तेव्हा तो खाली गेला.

त्यानंतरही सुधारले असतील असं वाटतं का? एका संध्याकाळी टाकीचं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं. खाली वाकून वास घेतला तर ते दूधच होतं. आप्पांनी बदाम उगाळून दुधात कालवून चमच्यानं सोडलं होतं. "अगं थंडाई हाय. उन्हाचा त्याला त्रास हुतोय म्हनालीस न्हवं?" मी डोक्याला हात लावला. रात्रीपर्यंत बादल्या भरून मी पाणी बदलत होते, आणि आप्पा बाजूला उभे राहून "एवढं बदामाचं पानी वाया घालिवलं" म्हणून हळहळत होते. मी ओरडले, "आप्पा, त्याला दूध चालत नाही!" तर ते शांतपणे म्हणाले, "मलाबी आता चालत न्हाई. म्हनून काय दुधाचा दोष हाय व्हय?" आज माझी सासू माझ्या तीन वर्षांच्या मुलीमागं वाटी घेऊन माझ्या साताऱ्याच्या सासरी घरभर फिरते, "एक घास चिऊचा, एक घास काऊचा", आणि मुलगी गाल फुगवून पळते, तेव्हा मला त्या टाकीची आठवण येते आणि तशीच चीड येते. पण सासूला मी काही बोलत नाही. आप्पांना मात्र मी सोडायची नाही, कारण ते आप्पा होते आणि माझे होते. आता ते नाहीत.

गांडुळांचाही एक घोळ झाला. गल्लीच्या टोकाला एकांनी गांडूळखताचा वाफा केला होता. तिथून मी डबाभर लाल बारीक गांडुळं मागून आणली, म्हटलं सोयच झाली. पैलवानानं एक तोंडात घेतलं आणि अशी काही मान झटकून थुंकलं, की मी बघतच राहिले. दुसरं दिलं, तेही थुंकलं. मामाला फोन केला तर तो हसला. म्हणाला, खताच्या त्या जातीला कडू पाणी सुटतं, बरेच ॲक्सोलोटल ती तोंडात धरत नाहीत. साध्या बागेतलं जाड, मातकट गांडूळ शोध. मग मी आमच्याच परसात, पेरूच्या झाडाखाली, जिथं आई फक्त भाजी धुतलेलं पाणी ओतायची, तिथं उकरायला लागले. ती मात्र त्यानं मिटक्या मारत खाल्ली. म्हणजे मिटक्या त्याला येत नाहीत, पण मला तसं वाटायचं. चिमट्यात गांडूळ धरून पाण्यात हळूच हलवायचं, तो डोकं वळवायचा, थांबायचा, आणि खपकन ओढायचा. माझ्या हातानं त्यानं घास घेतला की त्या दिवशी मला गणितात शून्य मिळालं असतं तरी चाललं असतं. मी मातीच्या डब्यात पंधरा-वीस गांडुळं साठवून ठेवायला लागले. फ्रिजरच्या एका कोपऱ्यात वड्यांचं पाकीट, धुण्याच्या दगडामागं गांडुळांचा डबा. सगळं सुरळीत चाललं होतं. आणि श्रावण आला.

श्रावणाच्या आदल्या दिवशी आई घर असं धुवून काढायची की फरशीनं दया मागावी. फ्रिज रिकामा करायचा, सोड्यानं पुसायचा, महिनाभर त्यात मांसमच्छीचं नाव नाही. मी शाळेतून आले तर फ्रिज चकचकीत आणि फ्रिजरचा कोपरा रिकामा. "आई, वड्या?" "त्यावर ब्लड लिहिलंय गं. श्रावणात माझ्या फ्रिजमध्ये ब्लड?" पाकीट सकाळीच कचऱ्याच्या गाडीत गेलं होतं. मी धावत धुण्याच्या दगडामागं गेले. डबा धुऊन पालथा घातलेला. "आणि गांडुळं?" आई फार समाधानानं म्हणाली, "सोडून दिली पलीकडच्या पटांगणात. श्रावणात जीव कोंडून ठेवू नये." मी म्हटलं, "आणि तो जीव काय खाणार?" आई म्हणाली, "महिनाभर वरणभात खाईल. तू खातेस की." खरं सांगते, त्या दिवशी मला कुणीतरी दत्तक घ्यावं असं वाटलं.

त्यात शाळेची घटक चाचणी, त्यात पावसानं झोडपलेलं, पेरूखाली चिखलाचं तळं. चार-पाच दिवस असेच गेले. मला चिंता नव्हती, कारण मामानं सांगितलं होतं की धडधाकट ॲक्सोलोटल आठ-दहा दिवस सहज काढतो. पाचव्या दिवशी शाळेला सुट्टी होती, तेव्हा उकरू असं मी ठरवून ठेवलं. सकाळी पाऊस थांबलेला. मी खुरपं घेऊन परसात गेले तर आई मागून ओरडली, "प्राजे! ठेव ते खाली! आज पंचमी!"

नागपंचमी. आमच्या भागात नागपंचमी म्हणजे काय ते शिराळ्याच्या, त्या नागांच्या गावाच्या, जवळपास राहिलेल्यालाच कळेल. त्या दिवशी जमीन उकरायची नाही, नांगर धरायचा नाही, विळीवर चिरायचं नाही, तवा चुलीवर चढवायचा नाही. जमिनीत नाग आहे, त्याला लागेल. म्हणून जेवणात सगळं उकडलेलं. हळदीच्या पानावर उकडलेली पुरणाची दिंडं, त्यावर तुपाची धार, आणि ज्वारीच्या लाह्या. मी खुरपं ठेवलं. उद्या उकरू, एक दिवसानं काय होतंय. मी आईबरोबर दिंडं भरायला बसले. घरभर हळदीच्या पानाचा वास, कुकरची वाफ, आणि आप्पा कुठं दिसेनात. आई म्हणाली, ते पहाटेच्या गाडीनं इस्लामपूरकडं गेलेत, शेतावर चक्कर मारायला. आमचा तिकडं थोडा ऊस होता, एका वाटेकऱ्याला कसायला दिलेला. मला वाटलं दिंडं बघून तोंडाला पाणी सुटेल म्हणून आप्पा घराबाहेर पडले असतील. मला त्यांची थोडी दयाही आली.

दुपारी मी आंघोळ करून बाहेर आले तर आप्पा टाकीसमोर उकिडवे बसलेले, पॅन्टला गुडघ्यापर्यंत चिखल, आणि चेहऱ्यावर मैदान मारल्यासारखा आनंद. हातात श्रीखंडाचा रिकामा डबा, त्यात गांडुळं. जाडजूड, वीतभर लांब. "बघ! पाच दीस उपाशी हुता गडी. तीन खाल्ली, दोन थुकली." मी म्हटलं, "आप्पा, आज उकरलंत?" त्यांनी जीभ चावली. "छ्या! पंचमीला म्या जमिनीला हात लावीन व्हय? उकरलं न्हाई. वरच पडली हुती समदी. उसाच्या सरीभर. देवानंच काढून ठिवल्यागत."

मी डब्यात बघितलं. एकही गांडूळ वळवळत नव्हतं. मधूनच एखादं नुसतं आखडत होतं. आणि डब्याला वास होता, दवाखान्यासारखा नाही, खताच्या दुकानात येतो तसला. आईच्या मोबाईलवरून मी वाटेकऱ्याला फोन लावला आणि विचारलं, उसाला काय घातलंय का? तो म्हणाला, "व्हय की. हुमणी लागलीया, मुळ्या खायला लागली. परवा औषध सोडलंय पाण्यातनं. का गं बाय?" पंचमीला जमीन दुखवायची नाही म्हणून आप्पांनी वर आलेली गांडुळं उचलली होती. आणि ती वर आली होती औषधानं तडफडून.

मी काय काय बोलले ते सगळं लिहीत नाही. चौदा वर्षांची होते, पण शब्द चौदा वर्षांच्या मुलीचे नव्हते. शेवटचं मात्र लिहिते, कारण ते मला अजून टोचतं. मी म्हटलं, "तुमाला कुणाला उपाशी बघवत न्हाई ना? मग आता मेलेलं बघा!" आप्पांनी डबा हळूच खाली ठेवला. एवढा मोठा माणूस, भिंतीला टेकून बसला.

मामाला फोन लावला. माझ्या रडण्यातून त्याला निम्मं कळलं, निम्मं आईनं सांगितलं. तो म्हणाला, "प्राजू, नीट ऐक. औषध पोटात गेलंय, ते आपल्याला काढता येणार नाही. खोटी आशा दाखवत नाही. पण त्याला त्या टाकीतून काढ. दिवसभर मुरवलेलं, क्लोरीन उडालेलं स्वच्छ पाणी आहे ना? झाकणाच्या टबात घे, हवेला भोकं पाड, आणि टब फ्रिजमध्ये ठेव. खालच्या कप्प्यात. गारव्यानं त्याचं शरीर मंद चालेल, जरा उसंत मिळेल. पाणी रोज बदल, तेही आधी गार करून. खायला काहीही नाही."

फ्रिज. सोड्यानं पुसलेला, श्रावणाचा, ज्याच्या खालच्या कप्प्यात त्या क्षणी नैवेद्याची दिंडं आणि नागोबाच्या दुधाचं भांडं होतं. मी आईकडं बघितलं. आता इथं भांडायला माझ्यात जोर नव्हता. आईनं पदर खोचला, फ्रिजचं दार उघडलं आणि एकेक भांडं बाहेर काढायला लागली. म्हणाली, "देवाचं बाहेर ठेवते. देव काय नासत नाही." मग कपाटातला नवा, अजून न वापरलेला पिठाचा टब तिनंच काढून दिला आणि झाकणाला खिळा तापवून भोकंही तिनंच पाडली. पैलवान टबात तिरका पडला होता. एक पाय थरथरत होता. मी झाकण लावलं आणि दार बंद केलं.

त्यानंतरचे आठ दिवस मी आप्पांशी बोलले नाही. एका घरात, तीन माणसांत, न बोलणं किती कष्टाचं काम असतं ते करून बघा. पहिल्या रात्री आप्पा जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशीही ताटावरून उठले. साखरेच्या माणसानं गोळी घेऊन उपाशी राहणं म्हणजे काय, हे आईला माहीत होतं. ती माझ्यावर उखडली. "एक जनावर फ्रिजमध्ये, एक माणूस भिंतीला! दोघांचे उपास मी सोडवत बसू? काय बोलायचं ते बोल एकदा आणि मोकळी हो!" मी बोलले नाही. मला राग आला होता, आणि खरं म्हणजे मी बोलले असते तर रडले असते. त्याच संध्याकाळी टबाच्या तळाशी एक गांडूळ पडलेलं दिसलं, त्यानं ओकून टाकलेलं. मी ते आईला दाखवलं. आईनं आप्पांना जाऊन सांगितलं, आणि मग आप्पांनी भाकरी मागितली. अर्धी.

पंचमी सरल्यावर ते परसात गेले होते. पेरूखाली त्यांनी नुसत्या हातानं, खुरपंही न घेता, माती उकरली. बिनकामाच्या एका घमेल्यात ती माती, त्यात वाळली पानं, त्यात गांडुळं. फोनला हात न लावणाऱ्या माणसानं मामाला स्वतः फोन केला. मी आतून ऐकत होते. "न्हाई, औषध न्हाई. ह्या मातीला पंधरा वर्सांत काय बी लागलं न्हाई. व्हय. किती दीस ठिवू? बरं. काय घालू त्यास्नी? चहाची पावडर चालंल? न्हाई? मग न्हाई घालत." प्रत्येक गोष्ट विचारत होते. रोज शाळेतून आले की मला ते घमेल्यापाशी बसलेले दिसायचे, पोतं भिजवून त्यावर घालताना. मी बाजूनं निघून जायची. आज वाटतं, थांबायला काय झालं होतं! पण त्या वयात माणूस राग आला की तो शेवटपर्यंत सांभाळतो.

नवव्या दिवशी मामा म्हणाला, आता बाहेर काढ, हळूहळू. सकाळभर मी टब मधल्या खोलीत ठेवून थोडं थोडं पाणी बदलत गेले. दुपारी पैलवानाला टाकीत सोडलं. तो तळाशी गेला आणि दगडासारखा बसला. कल्ले फिके, कडा वाळल्यागत. अंग निम्मं राहिलेलं. मामा म्हणाला होता, "आज एक तुकडा देऊन बघ. घेतला तर निभावलं. नाही घेतला तर..." मी चिमटा घेऊन उभी राहिले आणि माझा हात इतका थरथरायला लागला, की गांडूळ चिमट्यात राहीना. दोनदा पडलं. आई म्हणाली, "मी देऊ का?" मी नाही म्हटलं. आप्पा दारात उभे होते, उंबऱ्याच्या पलीकडं, आत यायला परवानगी नसल्यासारखे.

मी म्हटलं, "आप्पा, तुमी द्या."

आठ दिवसांनी आप्पांशी बोललेला तो माझा पहिला शब्द. ते जागचे हलले नाहीत. "माझा हात नगं बाळा," ते म्हणाले. "माझ्या हाताला यश न्हाई." आता माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "यश न्हाई म्हणे! माझा हात लटपटतोय, दिसत नाही का? तुमचा हात हलत नाही. घ्या हा चिमटा, आणि उगाच नाटकं करू नका!" तेव्हा ते आत आले. माझ्या हातून चिमटा घेतला, घमेल्यातलं एक लहान गांडूळ काढलं, धुतलं, पैलवानाच्या डोक्याच्या रुंदीचा अंदाज घेतला, नखानं तोडलं. मग हात पाण्यात घातला. तो पंजा, ज्यानं कधीकाळी माणसं उचलून आपटली होती, इतका स्थिर होता की पाण्यावर रेघ उमटली नाही. पैलवानानं बघितलं नाही. आप्पांनी तुकडा जरासा हलवला. बराच वेळ काही झालं नाही. मग त्यानं डोकं किंचित वळवलं, थांबला, आणि खपकन ओढला.

आई "गं बाई" म्हणाली आणि पदर डोळ्यांना लावला. मी रडत होते आणि मला त्याची लाजही वाटत नव्हती. पैलवान आता काचेपाशी आला, तोंड वर केलं, आणि आ केला. आप्पांचा हात घमेल्याकडं गेला. दुसरं गांडूळ त्यांच्या बोटांत आलंही. मी बघत होते. त्यांनी त्या आ केलेल्या तोंडाकडं बघितलं, मग बोटांतल्या गांडुळाकडं, आणि ते परत मातीत सोडलं. वर पोतं ओढून घेतलं.

"आता परत कवा?" त्यांनी मला विचारलं.

"परवा," मी म्हटलं.

"परवा," ते म्हणाले, आणि हात धुवायला गेले.